न घडलेल्या दुःखाचे ऋण

बाळ रुग्णालयातून घरी येते, त्या दिवशी घराचे सारे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. नाक कोणाचे, कपाळ कोणाचे, स्नानसंस्काराला धर्ममातापिता कोण, याची चर्चा ओटीवरच सुरू होते. बाळामागून एक स्त्री पोटावरील टाक्यांवर हात धरून सावकाश पायरी चढत असते. तिच्याकडे त्या क्षणी क्वचितच कोणाचे लक्ष जाते. तिच्या पिशवीत गोळ्यांच्या पाकिटांबरोबर पुष्कळदा एक लहानशी पेटीही असते. तीत औषध आधीच भरून ठेवलेली, बारीक सुईची इंजेक्शने असतात.

काही वर्षांपूर्वी अशीच एक पेटी आमच्या घरात आली. आमच्या पुतण्याच्या पत्नीचे बाळंतपण अडले होते. रात्रभराच्या कळांनंतर ऐनवेळी सिझेरियन करावे लागले. डॉक्टरांनी तिची सारी प्रकृती पाहून दहा दिवसांची इंजेक्शने लिहून दिली: रोज एक, पोटाच्या कातडीखाली, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पहिली चार रुग्णालयात परिचारिकेने दिली. उरलेली सहा घेऊन ती घरी आली. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई मायेनेच म्हणाल्या, "अगं, चालतेस, फिरतेस, बाळाला अंगावर पाजतेस. मग रोज सुई कशाला टोचून घ्यायची?" पुतण्याने किमतीचा विषय काढला. सुनेच्या पोटावर सुयांचे काळेनिळे डाग उठले होते. तीही थकून म्हणाली, "राहू दे आता." आम्ही तेथेच बसलो होतो. आळीच्या टोकाला एक निवृत्त परिचारिका राहते, हे आम्हांला ठाऊक होते. एक शब्द टाकला असता, तर ती रोज संध्याकाळी आनंदाने आली असती. आम्ही तो शब्द टाकला नाही. सहा इंजेक्शने कपाटात राहिली.

काहीही झाले नाही. सून बरी झाली, बाळ वाढले. आणि नेमके हेच आम्हांला अजून अस्वस्थ करते. काही झाले नाही, म्हणून आम्ही केले ते योग्य ठरले काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्या इंजेक्शनाचे प्रयोजन समजून घ्यायला हवे, कारण त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही ते समजून घेतले नव्हते. स्त्री गर्भवती झाली की तिचे रक्त हळूहळू बदलू लागते. गोठण्याला साहाय्य करणारे घटक त्यात वाढतात आणि झालेली गुठळी विरघळवण्याची शक्ती मंदावते. ही विकृती नव्हे, निर्मात्याने मातेच्या देहात घातलेले संरक्षण आहे. प्रसूतीच्या वेळी वार सुटते, तेव्हा मोठा रक्तस्राव होऊन आई दगावू नये, यासाठी तिचे रक्त आधीपासूनच सज्ज होत असते. परंतु प्रसूती झाली म्हणून ही सज्जता त्याच दिवशी ओसरत नाही. ती कित्येक आठवडे टिकते, आणि जे रक्षणासाठी दिले होते तेच त्या आठवड्यांत धोक्याचे होऊ शकते.

रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रक्ताच्या गुठळ्यांचा मूलभूत अभ्यास केला. त्याच्या नावाने आजही वैद्यकाचे विद्यार्थी तीन कारणे पाठ करतात: रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या ठायी ही तिन्ही कारणे एकाच वेळी एकत्र येतात. गर्भाशयाच्या भाराने पायांकडून येणाऱ्या नीला महिनोन्‌महिने दबलेल्या असतात, शस्त्रक्रियेने जखम झालेली असते, वेदनेमुळे ती अंथरुणास खिळते, आणि रक्त तर आधीच घट्ट होण्याकडे झुकलेले असते. अशा वेळी पायाच्या खोल नीलेत गुठळी धरली, तर पाय सुजतो, दुखतो. ती सुटून रक्तासोबत वाहत फुप्फुसात जाऊन अडकली, तर घटकाभरात प्राणावर बेतते. युरोपात पूर्वी बाळंतिणीच्या अशा सुजलेल्या, पांढुरक्या पायाला 'दुधाचा पाय' म्हणत. स्तनांतील दूध वाट चुकून पायात उतरले, अशी समजूत होती. अज्ञान तेथेही होते, परंतु निदान त्यांचे लक्ष आईच्या पायाकडे तरी गेले होते.

त्या पेटीतील औषधाचा इतिहासही मनोवेधक आहे. १९१६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी विल्यम हॉवेल या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. रक्त गोठवणाऱ्या द्रव्याच्या शोधात असताना त्याला कुत्र्याच्या यकृतातून काढलेल्या अर्कात नेमके उलट, रक्त गोठू न देणारे द्रव्य सापडले. यकृतासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पुढे त्या जातीच्या द्रव्याला 'हेपॅरिन' हे नाव मिळाले. ते माणसाला निर्धोकपणे देता येईल इतके शुद्ध करण्यास सुमारे दोन दशके लागली. आज बाळंतिणीला बहुधा त्याचे लहान रेणूंचे रूप देतात. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते. स्तनपानाच्या काळातही ते देता येते. एका विद्यार्थ्याचा अनपेक्षित शोध, अनेक अज्ञात हातांचे श्रम आणि एका मुक्या प्राण्याचे देणे, असे सारे त्या बोटभर लांबीच्या नळीत साठवलेले असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन बाळंतिणी कल्पनेत आणू. दोघींची प्रकृती सारखी, दोघींना दहा दिवसांची इंजेक्शने सांगितलेली. एकीने ती सारी घेतली, दुसरीने चौथ्यानंतर सोडली. सव्वा महिन्यानंतर दोघीही सुखरूप आहेत. पहिलीच्या घरचे म्हणतात, "उगाच पैसे गेले, उगाच सुया टोचल्या." दुसरीच्या घरचे म्हणतात, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" दोन्ही घरांत फळ एकच दिसते. मग एकीकडे कर्तव्य पार पडले आणि दुसरीकडे चुकले, असे कशाच्या आधारे म्हणायचे?

फळावरून कर्माचा न्याय करण्याची आपल्याला फार सवय आहे. ट्रक उलटला नाही म्हणजे चालक पिऊन बसला होता त्याचे काही वाटून घ्यायचे नाही. विहिरीला कठडा नव्हता, पण कोणी पडले नाही, म्हणून सारे ठीक. परंतु नीतीचा काटा असा चालत नाही. माणसाने जे केले ते त्या वेळी त्याला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक करून घेणे शक्य होते, यावर तोलले पाहिजे. पुढे नशिबाने साथ दिली की नाही, यावर नव्हे. आमच्या सुनेला काही झाले नाही, ही परमेश्वराची कृपा होय. ती आमच्या वागण्यावरची मान्यतेची मोहोर नव्हे. कृपेला प्रशस्तिपत्रक समजणे, हीच आमची चूक होती.

टाळलेले संकट डोळ्यांना दिसत नाही, याचे एक ठळक उदाहरण ब्रिटनमधील आहे. तेथे १९५२ सालापासून गर्भारपणात वा बाळंतपणात दगावणाऱ्या प्रत्येक मातेच्या मृत्यूची गोपनीय चौकशी होते. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, तर पुढची आई वाचावी म्हणून. २००३ ते २००५ या तीन वर्षांत गुठळीमुळे ४१ माता दगावल्याची नोंद त्या चौकशीत आहे. गर्भवती व बाळंतिणींना गुठळीपासून जपण्याच्या मार्गदर्शक सूचना तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००४ साली प्रसिद्ध केल्या होत्या. त्या हळूहळू प्रसूतिगृहांत रुजल्या. २००६ ते २००८ या पुढील तीन वर्षांत हाच आकडा १८ वर आला. यात सिझेरियन झालेल्या आणि न झालेल्या, अशा सर्वच माता मोजलेल्या आहेत.

४१ मधून १८ वजा केले, तर २३ उरतात. या वजाबाकीपुढे आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. दगावलेल्या मातांची नावे त्यांच्या घरांना ठाऊक आहेत, त्यांच्या कबरींवर फुले वाहता येतात. परंतु ज्या वाचल्या त्या कोण? त्यांची यादी कोणत्याही दप्तरात नाही. त्यांतील एकही स्त्री "मी वाचले" असे म्हणू शकत नाही, कारण आपण मरणार होतो हे तिला कधी कळलेच नाही. तिची मुले शाळेत जात असतील, ती स्वयंपाकघरात कामाची घाई करीत असेल. तिने कोणाचे आभार मानायचे? आणि तो विजयही एकदा मिळाला की कायमचा, असा नव्हता. पुढील अहवालांत हा आकडा पुन्हा काहीसा वाढलेला दिसतो. प्रतिबंधाचे काम रोजच्या भाकरीसारखे असते. कालची खाल्ली म्हणून आजची चुकत नाही.

येथे श्रद्धावंतांच्या घरात एक आक्षेप हमखास निघतो. "आपण माळेची प्रार्थना केली, नोव्हेना केली, बाळंतपण सुखरूप झाले. आता पुन्हा भीती कशाला? देवावर भरवसा नाही का?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो करणाऱ्या आजीची श्रद्धा आपल्यापेक्षा खोल असू शकते. तरीही त्याचे उत्तर शुभवर्तमानातच आहे. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि देवदूत झेलतील, खाली उडी टाक, असे सुचवले. प्रभूने उडी टाकली नाही. पित्यावर त्याचा भरवसा नव्हता असे कोण म्हणेल? पित्यावर भरवसा होता म्हणूनच त्याने पित्याची परीक्षा पाहिली नाही. पायऱ्या असताना उडी टाकणे ही श्रद्धा नव्हे. बेन सिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात तर वैद्याचा मान राखण्याचा उपदेश आहे. औषधी परमेश्वरानेच धरतीतून निर्माण केल्या आणि शहाण्या माणसाने त्या झिडकारू नयेत, असा त्याचा आशय आहे. तेथे रुग्णाला प्रार्थनाही करायला सांगितली आहे आणि वैद्याला वाट द्यायलाही. एकामुळे दुसरे रद्द होत नाही.

विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार मुख्य सद्गुण आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. त्यांतील विवेकाचा विचार करताना संत थॉमस अक्वायनस दूरदृष्टीला त्याचे प्रमुख अंग मानतात. या दूरदृष्टीसाठी ते जो लॅटिन शब्द वापरतात तो 'प्रोविदेन्सिया', म्हणजे पुढचे पाहून तरतूद करणे. देव विश्वाची जी काळजी वाहतो तिलाही ख्रिस्तसभा याच शब्दाने ओळखते. एकच शब्द देवासाठी आणि माणसासाठी! जो पुढचे पाहून दुसऱ्याची तरतूद करतो, तो देवाच्या कामात ढवळाढवळ करीत नाही. देवाची काळजी त्याच्या हातून वाहत असते. संध्याकाळी सात वाजता सूनबाईचे इंजेक्शन लक्षात ठेवणारा सासरा हा दैवी तरतुदीचा एक नम्र सेवक होय, असे म्हणण्यास आम्ही कचरणार नाही.

परंतु विवेक सर्वांना सुचतो आणि बाळंतिणीच्या बाबतीतच विसरतो, असे का व्हावे? कारण आई म्हणजे सोसणारी, हे आपण गृहीत धरले आहे. सिझेरियनचा इतिहासच पाहा. कित्येक शतके ही शस्त्रक्रिया मृत किंवा मरणोन्मुख मातेवर केली जाई. बाळ जिवंत मिळावे, निदान त्याला स्नानसंस्कार तरी देता यावा, एवढाच तिचा हेतू असे. १८८२ साली माक्स झेंगर या जर्मन डॉक्टरांनी गर्भाशयाची जखम टाके घालून नीट शिवण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून या शस्त्रक्रियेनंतर आईने जगावे ही अपेक्षा हळूहळू वास्तवात उतरू लागली. आईचे बरे होणे हा विषयच, अशा रीतीने पाहिले, तर तरुण आहे. आपली मने अजून त्याला सरावलेली दिसत नाहीत.

येथे कोणी संत जियाना बेरेत्ता मोल्ला यांचे स्मरण करून देईल. इटलीतील या डॉक्टर मातेने आपल्या चौथ्या बाळासाठी स्वतःचा जीव पणाला लावला. २१ एप्रिल १९६२ रोजी, पवित्र शनिवारी, सिझेरियनने तिची मुलगी जन्मली, आणि आठवड्याने, २८ एप्रिल रोजी, पोटातील जंतुसंसर्गाने ती देवाघरी गेली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली तिला संतपद बहाल केले. तिच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण तिच्या जीवनातून चुकीचा धडा घेऊ नये. ती स्वतः डॉक्टर होती. गर्भारपणाच्या आरंभी गर्भाशयातील गाठीसाठी तिने शस्त्रक्रिया करून घेतली होती. औषधाला ती पाठमोरी झाली नव्हती. त्याग हे आईने आपल्या हाताने, जाणून, प्रेमापोटी दिलेले दान असते. ते घरच्यांनी तिच्याकडून वसूल करायचे नसते. थकलेली सून "राहू दे आता" म्हणते, तेव्हा ती त्याग करीत नसते. ती फक्त थकलेली असते, आणि त्या क्षणी तिला कोणाच्या तरी आग्रहाची गरज असते. तिच्या थकव्याला आपण त्याग हे नाव दिले की आपली हयगय त्या पवित्र शब्दामागे सहज लपते.

आपल्या वाडवडिलांना याची जाण नव्हती असे नाही. बाळंतिणीचा सव्वा महिना आपल्याकडे कसोशीने पाळला जाई. शेकशेगडी, मेथीचे नि डिंकाचे लाडू, अंगाला तेल, कामाला मनाई. बायबलातही हा काळ आहे. मुलगा झाल्यास मातेने चाळीस दिवस घालवावेत, असे मोशेच्या नियमशास्त्रात होते. ते दिवस पूर्ण झाल्यावर पवित्र मरिया बाळाला घेऊन मंदिरात गेली. २ फेब्रुवारीचा मेणबत्त्यांचा सण आपण नाताळानंतर चाळिसाव्या दिवशी त्याच स्मरणार्थ साजरा करतो. त्या नियमामागील शुद्धीची कल्पना आपण केव्हाच मागे टाकली. आज स्नानसंस्काराच्या शेवटी धर्मगुरू आईला खास आशीर्वाद देतात. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गुठळीचा धोका अधिक असलेल्या बाळंतिणीला आजचे वैद्यक सहा आठवड्यांपर्यंत हे इंजेक्शन देते, आणि सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. परंपरा आणि वैद्यक दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकाच आकड्यापाशी येऊन पोहोचली आहेत. हे दिवस आईचे आहेत, असे दोघींचेही म्हणणे आहे.

फरक पडतो तो एवढाच, की परंपरेने तिला निजवून ठेवले आणि वैद्यक तिला चालायला सांगते. बाळंतिणीला पाणी बेताने द्यावे, असा समज अजून काही घरांत आहे. वैद्यक भरपूर पाणी द्या म्हणते. परंपरेचा गाभा, म्हणजे आईची जपणूक, टिकवायचा असेल, तर तिची रीत बदलावी लागेल. प्रत्येक सिझेरियननंतर हे इंजेक्शन लागतेच असे नाही. त्याने रक्तस्रावाचा धोकाही थोडा वाढतो. म्हणून कोणाला द्यायचे, किती दिवस द्यायचे, हे आईचे वय, वजन, पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया ठरवून झाली की ऐनवेळी, हे सारे पाहून डॉक्टरच ठरवतात. शेजारणीला दिले नाही म्हणून आपल्याला नको, हा न्याय येथे चालत नाही. आपले काम सोपे आहे: घरी निघण्यापूर्वी विचारून घेणे, सांगितले असेल तितके दिवस पूर्ण करणे, आणि थांबवावेसे वाटले तर आधी डॉक्टरांशी बोलणे. एकच पाय सुजला वा दुखू लागला, अचानक धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठणे. पोटावरचे डाग पुढे विरून जातात. सुई टोचल्यावर ती जागा चोळू नये, एवढे पाळले तर ते कमीही होतात. आणि खर्चाची अडचण खरोखरच असेल, तर ती लपवू नये. बारशाच्या नि स्नानसंस्काराच्या जेवणावळीतील एक पंगत कमी केली, तरी बहुतेक घरांत ही पेटी येऊ शकते.

आमच्या त्या सुनेच्या मुलाने अलीकडेच प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला. पांढऱ्या सदऱ्यातील तो पोर वेदीपुढे उभा होता, आणि मागच्या बाकावर त्याची आई सारखे डोळे पुशीत होती. पवित्र मिस्सा संपेपर्यंत आमच्या डोळ्यांपुढे कपाटातील ती सहा इंजेक्शने होती. आम्ही देवाचे आभार मानले आणि त्याची क्षमाही मागितली. दोन्ही एकाच प्रार्थनेत मागता येतात, हे त्या दिवशी कळले.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या घरी एक बाळंतीण आली. आम्ही बाळ पाहायला गेलो. बाळाला हातात घेण्यापूर्वी आम्ही तिच्याजवळ बसलो आणि विचारले, "बाय, तुझे पाय कसे आहेत? आजचे इंजेक्शन झाले का?" ती क्षणभर गोंधळली. मग हसून म्हणाली, "अजून नाही, काका. तुम्ही पहिलेच, ज्यांनी माझे विचारले." त्या संध्याकाळी आळीच्या टोकाच्या परिचारिकाबाईंना आम्ही छत्री धरून घेऊन आलो. काहीही घडले नाही. देव करो नि तसेच राहो.